मी न शिकवलेली कॉलर

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. असेल कसा? आमच्या भागातली निम्मी भुतं मीच जन्माला घातली आहेत. वळणावरच्या चिंचेखाली केस विंचरत बसणारी बाई — माझी. सायकलवरून फिरणारा बिनडोक्याचा गोरा साहेब — तोही माझाच. त्याला हॅट नंतर कुणीतरी परस्पर चढवली. डोकंच नाही तर हॅट कशावर, हे विचारायला कुणी थांबलं नाही. ब्लाऊज अजून झाला नाही म्हणून गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की मी एक भूत सोडतो... गिऱ्हाईक स्टुलावर बसून राहतं आणि तेवढ्यात माझी हुकपट्टी लावून होते. तेव्हा हा माल कसा तयार होतो, अस्तर कुठलं आणि काज कुठे, हे मला तोंडपाठ आहे.

म्हणूनच पुढचं लिहिताना माझी पंचाईत झाली आहे. खोटं पटवायचा मला दांडगा सराव. खरं कसं पटवतात ते कधी शिकलोच नाही. एवढंच करतो — एरवी जेवढं वाढवून सांगतो, त्यापेक्षा या वेळी जरा कमी वाढवतो.

आधी ठावठिकाणा सांगतो. म्हैसूर, गोकुलमच्या खालच्या अंगाला आमचं घर. खाली दुकान, वर आम्ही. आम्ही मूळचे रंगारी; कापड रंगवायचं, ठशांनी छापायचं, हा आमचा पिढीजात धंदा. पुढे रंगाची पिंपं गेली आणि शिलाईच्या मशिनी आल्या. घरात मराठी बोलतो, पण ती तुमच्या पुण्याची नव्हे. आमच्या वाक्याचं तोंड मराठी आणि शेपूट कानडी असतं. दुकानात सगळं कानडीच. आणि योग शिकायला येणाऱ्या परदेशी मंडळींशी हातवारे... कारण जगातल्या सगळ्या देशांच्या योगपँटी एकाच जागी उसवतात, आणि ती जागा दाखवायला भाषा लागत नाही.

रंगाचा धंदा गेला तरी एक खोड मात्र घरात राहिली. नवं कापड आलं की उंबऱ्यातच त्यावर ओला अंगठा घासायचा. अंगठ्याला रंग लागला तर कापड आल्या पावली परत. माझे वडील तर म्हणे पाहुण्यांच्या पाठीवर हात फिरवतानासुद्धा अंगठा ओला ठेवायचे. अपवाद एकच — कुणी प्रेमाने दिलेल्या कापडावर अंगठा फिरवायचा नाही. तो देणाऱ्याचा अपमान. या अपवादापायी सासऱ्यांच्या उपरण्याने भर मांडवात माझी मान लालभडक केली होती, तरी मी हसतच होतो. अंगठ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑनलाइन क्लासचं खूळ माझ्या मुलीचं, रूपाचं. ती बेंगळुरूला कंप्युटरमध्ये आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत मी वर्षानुवर्षं बायकांना शिवण शिकवतो. पण लांबच्या खेड्यांतल्या बायका दोन दिवस यायच्या आणि तिसऱ्या दिवशी गळायच्या. कुणाचं मूल तान्हं, कुणाची म्हैस व्यायलेली, कुणाची बस चुकलेली. रूपा म्हणाली, अप्पा, त्यांना इथे ओढण्यापेक्षा तुम्हीच त्यांच्या घरी जा... मोबाइलमधून.

झालं. साडी वाळवायच्या दांडीला इलॅस्टिकच्या पट्टीने मोबाइल टांगला, डोळा खाली टेबलाकडे. पहिल्या दिवशी मी मन लावून, नीट वाकून, बाही कापायला शिकवली. शिकवून झाल्यावर कळलं की सगळ्यांना पूर्ण वेळ दिसलं ते माझं टक्कल. एकीने अगदी आदराने विचारलं, मेष्ट्रे, हे सॅटिन का? (मेष्ट्रे म्हणजे मास्तर, आमच्याकडे शिकवणाऱ्याला असंच म्हणतात.)

पण जमत गेलं. रूपाने एक लांब दांडा आणून मोबाइल पुढे सरकवला, उजेडासाठी गोल दिवा लावला. थेट क्लास आठवड्यातून दोनदा, आणि मधल्या दिवसांत एकेका कामाचा छोटा व्हिडिओ करून मी ग्रुपवर टाकायचो — आम्ही त्याला धडा म्हणतो. परकराच्या कळीचा धडा, बाहीचा धडा, चेनचा धडा. थेट बैलकुप्पेपर्यंतच्या बायका ग्रुपमध्ये आल्या. आता सगळ्यांनी एकदम पायडल मारलं तर केआरएस धरणाच्या पाण्यावर तरंग उठतील, एवढा पसारा आहे. बहुतेकींचे मोबाइल साधे, जागा कमी. त्यामुळे धडा आला की बघायचा, शिकायचा आणि पुसून टाकायचा, की पुढच्याला जागा. ही रीतही लक्षात ठेवा.

यांच्यातलीच एक शोभा. बेळगोळच्या पुढे धरणाच्या वाटेवर तिचं खेडं. नवरा नारळाच्या झाडावरून पडून पाय मोडून बसलेला. घरात सासू — तिला ती कानडीत ‘अत्ते’ म्हणते — आणि एक जुनी मशीन. शोभा बोलायची कमी. क्लासमध्ये इतर बायका मला टोमणे मारत असायच्या, तेव्हा हिचा चौकोन नुसता मान हलवायचा. पण तिने दाखवलेली टीप अशी सरळ की त्यावरून रूळ टाकावेत.

बेळगोळच्या औद्योगिक भागात शर्ट शिवणारं एक युनिट आहे. तिथे जागा निघणार असल्याचं तिला कळलं होतं. सुपरवायझरसमोर बसून शर्टाची कॉलर शिवून दाखवायची, जमलं तर काम. आणि सासूने सांगून ठेवलं होतं — या वेळी नाही जमलं तर मशीन विकायची आणि दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचं. मी तिला शब्द दिला होता, बोलावणं यायच्या आत कॉलरचा धडा टाकतो.

आणि मला चिकनगुनिया झाला.

ज्याला झालाय त्याला सांगायला नको. माझी बोटं नंजनगूडच्या केळ्यांएवढी सुजली. ताप असा, की माझ्या बायकोने, सुमनने, माझ्या कपाळावर दोशे घातले असते तर खालून खरपूस झाले असते. नेमकं तेव्हाच शोभाला बोलावणं आलं. तिने फोन केला, तो सुमनने घेतला आणि खरं ते सांगितलं — यांना चमचासुद्धा धरवत नाही. शोभा म्हणाली, असू दे अम्मा, त्यांना जपा. फोन ठेवला.

सुमनने हे सांगितल्यावर मी उठलो. कात्री आण म्हटलं. तिने आणली नाही, तर मीच खुरडत गेलो आणि उचलली... कात्री एकीकडे पडली, मी दुसरीकडे. सुमन म्हणाली, "अहो, तिला कॉलर पाहिजे. तुमचं मढं नको." आणि माझा मोबाइल बंद करून तिने कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. सुमनच्या कमरेची किल्ली म्हणजे राजवाड्याच्या तिजोरीपेक्षा कडक बंदोबस्त. त्या दिवसांत त्या मोबाइलला माझं बोट लागलेलं नाही, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे.

मी पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो. त्या पोरीची मशीन गेली, एवढंच मनात येत होतं.

ताप उतरल्यावर मोबाइल मिळाला. चालू केला आणि थोड्याच वेळात शोभाचा फोन. ती कानडीतच बोलली, मी इथे मराठी करून लिहितो.

"मेष्ट्रे, घेतलं मला. सोमवारपासून जातेय."

मला एवढा आनंद झाला की दुखरा हात मांडीवर आपटला आणि कळवळलो. कॉलर कुणाकडून शिकलीस, विचारलं.

"असं काय विचारता? तुमच्याच व्हिडिओवरून. तापात करून पाठवलात तो."

"कुठला व्हिडिओ?"

"कॉलरचा. तो आला नसता तर मी गेलेच नसते."

आणि जी वर्षभर नुसती मान हलवत होती, ती बोलतच सुटली. "तुमचे हात किती थरथरत होते मेष्ट्रे. मला तर रडायला आलं. आणि मनगटापर्यंत निळे का होते? अत्ते म्हणाल्या, मास्तरने शाई सांडून घेतली का काय. तिथे सुपरवायझरसमोर बसले तर माझेही हात थरथरायला लागले. उठून पळावंसं वाटलं. मग आठवलं, मेष्ट्रांचेही असेच थरथरत होते आणि कॉलर तर सरळ आली होती. तुम्ही शेवटी म्हणालात ना — हेदरबेड शोभा, हात थरथरला तर थरथरू दे, सुई सरळ जाते. तेच म्हणत शिवली."

हेदरबेड म्हणजे घाबरू नको. मी आयुष्यात कुणाला असलं शहाणपणाचं वाक्य बोललेलो नाही. माझं शिकवणं म्हणजे, अगं बाई हे कापड आहे की कोबी, अशा थाटाचं.

मी हळूच विचारलं, टोकं कशी काढलीस? कॉलरची सगळी परीक्षा टोकांत असते. कॉलर उलटी शिवून सुलटी करायची, तेव्हा कोपरा अणकुचीदार बाहेर आला पाहिजे. मी जन्मभर कात्रीच्या टोकाने आतून ढोसून काढतो, आणि दर दहांतलं एक टोक फाडतो. ती म्हणाली, तुम्हीच दाखवलात तसं, दोऱ्याने. कोपऱ्याशी आलं की सुई कापडात ठेवून थांबायचं, दुहेरी दोरा दोन पदरांच्या मध्ये सुईला वळसा घालून ठेवायचा, दोऱ्याची दोन्ही टोकं आत सोडायची आणि पुढे टीप मारायची. सुलटी करताना दोरा ओढला की टोक आपोआप बाहेर.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. शिकवणार कसा? मलाच येत नव्हतं. फोन ठेवल्यावर कुथत कुथत करून पाहिलं... टोक असं निघालं की आमचं मांजर लांबून वळसा घालून गेलं.

मग मी चौकशीला लागलो. ग्रुप वर-खाली पाहिला. माझा शेवटचा धडा बाहीचा, त्यानंतर तापाच्या दिवसांत बायकांचे ‘लवकर बरे व्हा’ आणि फुलांची चित्रं, बस. शोभाला म्हटलं, मला तो व्हिडिओ परत पाठव. तिने रीतीप्रमाणे पुसून टाकला होता. दुसऱ्या कुणाचा पाहिला असशील म्हटलं, तर तिने सरळ सासूच्या हातात फोन दिला. म्हातारी माझ्यावरच डाफरली — टेबल तुमचं, टक्कल तुमचं, आवाज तुमचा, मग माणूस दुसरा कुठला? हात धुवत जा जरा.

रूपाला फोन केला. ती म्हणाली, अप्पा, हल्ली एआय कुणाचाही व्हिडिओ बनवतं.

"एआयला चिकनगुनिया होतो का?"

"नाही."

"मग हात कसा थरथरला?"

इंजिनियर म्हणाली, अप्पा, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला.

हे सगळं मी पचवलंही असतं, पण निळे हात मला पचेनात. रंगाऱ्याच्या घरात, जिथे उंबऱ्यात अंगठा घासल्याशिवाय रुमालसुद्धा आत येत नाही, तिथे मनगटापर्यंत निळे हात? हा आमच्या सात पिढ्यांचा अपमान. म्हणजे हे खरं असणंच शक्य नाही, तिथे मला बरं वाटलं. म्हटलं, चुकली पोरगी, कसलातरी भास झाला. काम तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवलं, चांगलंच झालं.

पुढे शोभाचा पहिला पगार झाला. एका रविवारी ती आणि सासू घरी आल्या. मी नेमका डॉक्टरकडे गेलो होतो. त्यांनी सुमनकडे केळी आणि कागदात बांधलेलं एक शर्टपीस ठेवलं, मेष्ट्रांसाठी म्हणून, आणि परतीच्या बससाठी निघून गेल्या. सुमनने ते पुडकं तसंच देवापाशी ठेवलं.

इकडे ग्रुपवरच्या बाकीच्या बायका कॉलर कॉलर करून माझा जीव खात होत्या. मी टाळत होतो. कारण खरं सांगायचं तर हात अजून थरथरत होते. डॉक्टर म्हणाले होते, काही महिने चालेल. कात्रीवर जन्म काढलेल्या माणसाने थरथरता हात कॅमेऱ्याखाली ठेवायचा... आणि तोही गोल दिव्याच्या उजेडात... मला ते नको होतं. बरं झाल्यावर करू, असं मी म्हणत होतो. पण एका सकाळी रूपा सुट्टीला आली होती, तिने दांडा लावला, दिवा लावला आणि मला बसवलं. म्हणाली, थरथरलं तर मी नंतर तेवढं कापून टाकीन.

बोटं मोकळी व्हावीत म्हणून मी रोज मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचो. तसा बसलो, वरवर पुसले, टेबलाशी आलो. मी पांढरं कापड सांगितलं होतं. सुमनने समोर शोभाचं शर्टपीस आणून ठेवलं. म्हणाली, विद्यार्थिनीच्या कमाईचं आहे, आजारानंतरचं पहिलं काम त्याच्यावरच होऊ दे. मी कागद सोडला. गडद निळं.

मी दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. स्वच्छ. म्हटलं, कापड असेल निळं, हात तर निळे नाहीत. अंगठा मात्र फिरवला नाही. दिलेलं कापड होतं.

सुरू केलं. कॉलर ताठ ठेवणारं बकरम कापलं, कापड कापलं, कडा जुळवल्या. हात थरथरत होते, मी बोलण्यात झाकायला बघत होतो. पहिल्या कोपऱ्याशी आलो, सुई कापडात ठेवून थांबलो, दुहेरी दोरा घेतला... आणि दोऱ्याचा वळसा घालताना माझं लक्ष बोटांकडे गेलं.

निळी. तळवे निळे. ओल मुरली होती तिथे रंग चढत चढत मनगटापर्यंत गेला होता.

रूपाच्याही लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "अप्पा, थांबा. हात धुऊन या, परत पहिल्यापासून घेऊ. थरथरही कमी होईल."

मी उठलो नाही. तुम्हाला हसू येईल, पण त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती. मी हात धुऊन, थरथर कापून, छान गुळगुळीत धडा केला, तर मग त्या पोरीने पाहिलं ते काय? तिने ज्याच्या जोरावर टीप मारली ते थरथरणारे हात गेले कुठे? कोण जाणे, उद्या युनिटच्या दारावरून तिला परत पाठवतील, आणि मशीन बाजारात. हे सगळं वेडगळ आहे, मला कळतं. पण तिथे बसलेल्या माणसाला पळवाट नव्हती.

"चालू राहू दे," मी म्हटलं. "काही कापायचं नाही."

आणि मी तसाच, निळ्या थरथरत्या हातांनी, दोऱ्याची टोकं आत सोडून पुढे टीप मारली. कॉलर सुलटी केली. दोरा ओढला. टोक बाहेर आलं. मग मी मोबाइलच्या डोळ्यात बघून म्हणालो, हेदरबेड शोभा. हात थरथरला तर थरथरू दे. सुई सरळ जाते. वाक्य तिचंच होतं, मी फक्त परत केलं... की तिने माझं मला दिलं होतं, ते देवाला माहीत. सुमन दारात पदर तोंडाला लावून उभी होती. रूपाने दिवा विझवला.

धडा ग्रुपवर गेला. बायकांचे अंगठे आले, हात जोडलेले आले. मग दुपारच्या सुट्टीत शोभाचा निरोप आला.

"मेष्ट्रे, हा तर मागचाच. परत का पाठवलात?"

मी लिहिलं, बाकीच्यांसाठी.

थोड्या वेळाने तिचं दुसरं वाक्य आलं. "कापड आवडलं ना? त्या व्हिडिओत होतं तसंच मुद्दाम शोधून आणलं होतं. सगळी दुकानं पालथी घातली."

मी मोबाइल उलटा ठेवला.

तेव्हापासून रूपा, मी आणि सुमन, तिघांनी सगळ्या बाजूंनी हे उलगडून पाहिलंय. रूपाने मोबाइलची तारीख, घड्याळ सगळं तपासलं. काही निघालं नाही. दोऱ्याची युक्ती मी शोभाकडून शिकलो, शोभा म्हणते माझ्याकडून शिकली. रंग तिच्या कापडाचा, आणि कापड तिने माझ्या व्हिडिओतल्या कापडावरून निवडलेलं. सुरुवात कुठे आहे, ते मला सापडत नाही. शास्त्र जाणणाऱ्या वाचकांना सापडलं तर जरूर कळवा. मी मात्र शोधणं सोडलंय. ज्याने कुणी ते पोचवलं — वेळेवर, योग्य मोबाइलवर, माझा मोबाइल कपाटात बंद असताना — त्याचे आभार मानायचे राहू नयेत, म्हणून हे लिहिलं. मी ताप घेऊन पडलो होतो तेव्हा कुणीतरी माझा क्लास घेतला, आणि माझ्यापेक्षा बरा घेतला.

शोभा अजून तिथेच आहे. कॉलरच्या लाइनवरच बसते. घरची मशीनही जागेवर आहे. सासू आता तिच्यावर उशांचे अभ्रे शिवते आणि ग्रुपमध्ये येऊन मला हात धुवायची आठवण करते.

नखांच्या कडेला तो निळा अजून थोडा राहिलाय. घासला तर जाईल, मी घासत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, मेष्ट्रे, बोटं निळी कशानं झाली? इतकी वर्षं मी ज्याला-त्याला भुतं वाटली, पण या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे एकही नाही. मी सांगतो, एका विद्यार्थिनीने कापड दिलं होतं, त्याचा रंग आहे. ते स्टुलावर बसून पुढची गोष्ट ऐकायला थांबतात. मी खाली मान घालून शिवत राहतो.